कासव डावीकडे जातं

तीन पिढ्या त्या घराने गोल्फच्या काठ्या घडवल्या, आणि घडवणाऱ्याने खेळायचं नाही असा नेम पडल्यापासून घरातलं एकही माणूस गोल्फ खेळलं नाही. निदान सूनबाईच्या आधी तरी नाही. आणि सूनबाईचं अजून कुणाच्या कानावर गेलेलं नव्हतं.

हा नेम घातला आजेसासऱ्यांनी. मूळचा त्यांचा धंदा छत्र्यांच्या मुठी आणि चालायच्या काठ्या करण्याचा. गावाबाहेरच्या हिरवळीवर खेळणारे एक गृहस्थ एकदा मोडकी काठी घेऊन त्यांच्या दारात आले, एवढी सांधून द्याल का म्हणून. त्यांनी ती सांधली ती अशी, की त्या गृहस्थांना नवी काठी नकोशी झाली. मग दुसरे आले, तिसरे आले, आणि छत्र्यांच्या मुठी हळूहळू फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसल्या. लाकडी डोक्याची पहिली काठी त्यांनी स्वतः घडवली तेव्हा तिची वळणदार मान बघून आजेसासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, हा तर हंस!" झालं, हंस छाप जन्माला आली.

पण हंस हातात आला आणि आजेसासऱ्यांना खेळायचा मोह झाला. खेळले. आवडलं. इतकं आवडलं की पुढच्या सगळ्या काठ्या नकळत त्यांच्याच हाताच्या लांबीच्या आणि त्यांच्याच मनगटाला सोसतील अशा वजनाच्या होऊ लागल्या. गिऱ्हाइकं माल परत आणून ठेवू लागली. "मालक, ही तुम्ही स्वतःसाठी केलीत का हो?" असं एकाने तोंडावर विचारलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी त्यांनी नेम घेतला: जो घडवतो त्याने खेळायचं नाही, आणि ज्याच्या हाताला खेळ लागला त्याने व्हाइसला, काठी घट्ट धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी पकडीला, हात लावायचा नाही. नेमाचं असंच असतं. आधी माणूस त्याला सांभाळतो, मग तो माणसाला सांभाळू लागतो. त्या घराला त्याने चांगलं सांभाळलं होतं.

हंसामागून खार आली. ती दादांच्या काकांची. दादा म्हणजे सूनबाईचे सासरे. काका उरलेल्या तुकड्यांतून हलक्या, आखूड काठ्या करायचे. लहान मुलांना आणि नवशिक्यांना हातात धरायला बऱ्या. आजेसासरे त्यांना हसायचे, "ही काठी आहे की कान कोरणं?" पण खार अशी सुटली की सगळ्या दुकानांत जाऊन बसली, आणि हंसाचं पोट कितीतरी वर्षं खारीनेच भरलं.

आणि कासव दादांचं. वडील आणि काका दोघेही होते तोवर दादांना नवीन काही करायला वाव नव्हता. ते गुपचूप एका पटरवर काम करायचे. पटर म्हणजे चेंडू भोकाजवळ आल्यावर त्याला हलकेच आत लोटायची काठी. तिचं डोकं त्यांनी पाठीकडून गोल फुगीर ठेवलं होतं, वजन खाली, पोटाशी. तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या आईंनी, म्हणजे सूनबाईच्या सासूबाईंनी, ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "हंस काय, खार काय, आणि तुमचं हे कासव!" दादा चिडले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कासव निघालंही कासवासारखं, हळू आणि पक्कं. ज्याने घेतलं त्याने दुसरं घेतलं नाही, कारण पहिलं टाकवत नव्हतं.

म्हणूनच त्या सकाळी दादांनी परत आलेल्या कासवांचा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कासव बंद करतोय," तेव्हा कारखान्यातला पॉलिशचा बफ गरगरत राहिला, पण त्याच्यावर काम करणाऱ्याचा हात थांबला.

"बंद म्हणजे?" आईंनी विचारलं. त्या पलीकडे काठ्यांना कागद गुंडाळत होत्या. पॅकिंग त्यांच्याकडे असे, आणि पॅकिंगच्या खोलीत त्यांचंच राज्य.

"बंद म्हणजे बंद. ही खेप गेली की पुढची नाही. प्रत्येक खोक्यात तेच रडगाणं. डावीकडे ओढतं, डावीकडे ओढतं! अरे, उभं राहता येत नाही तुम्हाला, खांदा वाकडा ठेवता, आणि नाव माझ्या कासवाला!"

"मग त्यांना उभं राहायला शिकवा."

"मी? मी कधी उभा राहिलोय तिथे?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाल्या आणि पुढचा कागद फाडला.

सूनबाई व्हाइसपाशी उभी होती. कासवाचं काम आता निम्मं तिचं होतं. पॅकिंगच्या खोलीत दोन कपाटांच्या मधोमध एक लांब हिरवी पट्टी अंथरलेली होती, तिच्या टोकाला फळी, फळीवर पेन्सिलची रेघ. दादा पटरने चेंडू ढकलायचे. चेंडू रेघेला लागला तर ठीक, नाहीतर सूनबाई पटरची मान व्हाइसमध्ये धरून केसभर वळवायची आणि पुन्हा दादांच्या हातात द्यायची. हे खेळणं नव्हतं का, असं नवीन माणूस विचारायचा. दादांचं उत्तर ठरलेलं: "भोक कुठे आहे? भोक नाही तर खेळ नाही."

व्हाइसवर तिला दादांनी स्वतः उभं केलं होतं. मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यांनी आधी उभं करून पाहिलं. त्याने दोन हंसांच्या माना मोडल्या आणि तिसऱ्याच्या वेळी दादांनी त्याला विक्रीला पाठवलं. "तू बोल, मोडू नकोस." तेव्हापासून तो गावोगाव बोलत हिंडत होता आणि व्हाइस सूनबाईचा झाला होता. लोखंड वळताना एका ठिकाणी ते अडतं, मग जरा मऊ होतं, आणि ते मऊ होणं तिला कोपरापर्यंत कळायचं. आलेल्या-गेलेल्याला दादा सांगायचे, "माझ्या मागे हा व्हाइस सूनबाईचा." असं कुणी आपल्याबद्दल बोलेल असं तिला माहेरी कधी वाटलं नव्हतं.

आणि तिने काय केलं होतं? ती खेळली होती.

दुरुस्तीच्या काठ्या पोचवायला ती हिरवळीवर जायची. तिथे शिकवणारे मास्तर नेहमी उशिरा यायचे. एकदा त्यांची वाट बघत उभी असताना भोकाजवळ कुणाचा तरी विसरलेला चेंडू पडला होता, आणि तिच्या हातात कासव होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच टिचकी मारली. चेंडू आत गेला आणि भोकातून असा गोड, पोकळ आवाज आला की ती एकटीच हसली. मग पुढच्या वेळी काठ्या पोचवायला ती जरा लवकर निघाली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी जरा. मास्तरांनी हटकलं नाही. उलट, "पाय जरा जवळ घ्या ताई, आणि मान वर नको," असं शिकवूनच सोडलं.

तिथेच तिच्या ध्यानात आलं की नवं कासव खरोखर डावीकडे जातं. तिला वाटलं आपलंच चुकत असेल. पण मास्तरांकडे त्यांच्या शिकाऊ दिवसांतलं जुनं कासव होतं, दांड्याचा रंग उडालेला. ते हातात घेतलं की चेंडू नाकासमोर सरळ. नवं घेतलं की डावीकडे. हात तेच, पाय तेच. एके दिवशी तिने मास्तरांचं कासव, ग्रिप बदलून देते म्हणून, कारखान्यात आणलं आणि दादा जेवायला गेलेले बघून हिरव्या पट्टीवर लावलं. चेंडू रेघ सोडून उजवीकडे गेला. पुन्हा मारला. पुन्हा उजवीकडे. तेव्हा तिला हसूही आलं आणि रडूही. वाकडं कासव नव्हतं. वाकडी पट्टी होती, आणि त्या वाकड्या पट्टीवर चेंडू सरळ जावा म्हणून ती स्वतः, आपल्या हाताने, एकेका कासवाची मान डावीकडे वळवत आली होती.

हे सांगावं कसं? दादांना तिने जरा आडून विचारून बघितलं.

"दादा, पट्टीला उतार आहे की काय हो?"

"उतार?" दादांनी कासव हातात घेतलं, चेंडू ढकलला. तो तंतोतंत रेघेला लागला. "बघ. उतार असता तर गेला असता का?"

"पण कासव सरळ आहे हे कशावरून?"

"पट्टीवर सरळ जातं त्यावरून."

"आणि पट्टी सरळ आहे हे?"

"अगं, कासव सरळ जातंय की तिच्यावर!"

शेवटी तिने शेजारी काम चाललेल्या घरच्या गवंड्याकडून बुडबुड्याची लेव्हल मागून आणली आणि पट्टीवर आडवी ठेवली. बुडबुडा जरासा सरकून बसला. दादा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"केसभर आहे."

"आहे ना पण?"

"आहेच!" पलीकडून आई म्हणाल्या. "नवी फरशी बसवली तेव्हा मीच सांगितलं गवंड्याला, फरशी धुतली की पाणी आपोआप कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलं पाहिजे. आधी सगळं पाणी मलाच ढकलत बसायला लागायचं."

दादांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने दादांकडे पाहिलं.

"तू उतार दिलास? माझ्या पट्टीखाली?"

"पट्टीखाली नाही, फरशीला दिला. पट्टी तुम्ही तिच्यावर टाकलीत."

"बरं, असेल," दादा सरळ होत म्हणाले. "पण केसभर उताराने कासव बुडत नाही. लोकांना उभंच राहता येत नाही, सूनबाई, हे मी लिहून देतो. धड उभं राहणारं एक माणूस दाखव, त्याच्या हातून डावीकडे गेलं तर मी मानेन."

सूनबाईने लेव्हल उचलून छातीशी धरली. सांगितलं तर व्हाइस जाणार होता. नाही सांगितलं तर कासव जाणार होतं, आणि कासव गेलं की दादा या खोलीत कसे बसतील ते तिला दिसत होतं: हंस वडिलांचा, खार काकांची, आणि त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काही नाही.

"मला उभं राहता येतं, दादा," ती म्हणाली. "मास्तरांनी शिकवलंय. तरीही डावीकडे जातं."

दादांच्या कपाळावरची शीर हलली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"घरात कुणाला ठाऊक होतं?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

"होतं," आई म्हणाल्या. "हिच्या सलवारीच्या पायांना गवताचे हिरवे डाग कशाचे? काठ्या पोचवायला गेलेली बाई गुडघ्यांवर बसून काठ्या पोचवते होय? सगळे डाग मीच काढलेत. लिंबाने जातात."

"आणि मला बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि पोर हसत घरी यायची, मी कशाला मध्ये पडू?"

दादा खुर्चीत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसतं व्हाइसकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, आणि म्हणाले, "चल. मला दाखव."

हिरवळीवर दादा त्या दिवशी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. आयुष्यभर त्यांनी ज्यासाठी काठ्या केल्या ती जागा त्यांनी कुंपणाच्या बाहेरूनच पाहिली होती. कडेला त्यांनी चपला काढल्या. मास्तर धावत आले, "अहो, राहू द्या, राहू द्या, इथे चपला चालतात." पण दादांनी ऐकलं नाही. ते गवतावरून अलगद, नुकत्या पुसलेल्या फरशीवरून चालावं तसे चालत आले. आई मागून चपला घालूनच आल्या.

"मार," दादा म्हणाले.

सूनबाईने नवं कासव घेतलं. पाय जुळवले. दादा तिच्या समोर, मग मागे, मग खाली बसून तिचे खांदे निरखत होते. कुठे वाकडेपणा सापडतो का बघत होते. सापडला नाही. तिने चेंडू ढकलला. तो छान निघाला, आणि भोकाजवळ जाता जाता, कुणी हाक मारल्यासारखा, डावीकडे गेला.

"पुन्हा."

पुन्हा डावीकडे.

"ते जुनं दे तिला."

मास्तरांनी आपलं रंग उडालेलं कासव दिलं. चेंडू सरळ गेला आणि भोकात पडला. तो पोकळ आवाज दादांनी पहिल्यांदाच जवळून ऐकला. त्यांचा चेहरा असा झाला की आईंनी दुसरीकडे पाहिलं.

"असा आवाज येतो होय," ते म्हणाले.

"तुम्ही एकदा मारून बघा ना, दादा," मास्तर म्हणाले आणि कासव पुढे केलं. "स्वतःचीच काठी आहे तुमची."

दादांचा हात पुढे आला. ग्रिपपर्यंत आला. मग त्यांनी तो हात तसाच पुढे नेऊन कासवाच्या फुगीर पाठीवरून फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "माझं राहिलंय तेवढं राहू दे."

परत कारखान्यात आल्यावर त्यांनी पट्टीच्या एका कडेखाली पातळ पत्रे सरकवले, लेव्हल ठेवली, पुन्हा पत्रा सरकवला. बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्यांनी खोकाभर परत आलेली कासवं व्हाइसजवळ आणून ठेवली.

"कासव बंद होत नाही," ते म्हणाले. "ही सगळी सरळ करायची."

सूनबाईने व्हाइसकडे हात नेला आणि तसाच थांबवला.

"हं," दादा म्हणाले. त्यांनाही ते आठवलंच होतं. "बस जरा."

ती बसली. आईही कागद ठेवून आल्या.

"नेम वडिलांनी उगाच घातला नव्हता," दादा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "त्यांच्या हाताला खेळ लागला तेव्हा त्यांना कळलंसुद्धा नाही की काठ्या बदलल्या. तुलाही कळणार नाही. पण आज हेही कळलं की घरातलं कुणीच खेळलं नाही, तर आपण पट्टीसाठी काठ्या करत बसू, गवतासाठी नाही. म्हणजे कुणीतरी खेळलं पाहिजे आणि कुणीतरी व्हाइसवर राहिलं पाहिजे. ते एकच माणूस नको. तू ठरव, सूनबाई. काय सोडशील त्याला माझी ना नाही."

सूनबाईने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. सकाळचं दव, मास्तरांचं 'मान वर नको', भोकातला तो आवाज. आणि इकडे लोखंड कोपरापाशी मऊ होतं ते. तिला वाटलं होतं निवड कठीण असेल. कठीण होती, पण लांबली नाही.

"व्हाइस," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. "पण मग खेळणार कोण? हे तर गावाला." हे म्हणजे तिचा नवरा. "आणि ते खेळले तर चेंडूशी बोलतच बसतील."

दादा हसले. मग विचारात पडले. "बाहेरचं माणूस ठेवायचं म्हटलं तर ते आपल्याला खरं सांगेलच असं नाही. तोंडावर गोड बोलेल."

"मी खेळते," आई म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय बघताय? मी व्हाइसला कधी हात लावलाय? नाही. कानस धरलीय? नाही. मी कागद गुंडाळते. माझ्या हाताला खेळ लागला तर फार फार तर पुडकी वाकडी होतील. आणि तोंडावर गोड बोलायचं म्हणाल, तर इतक्या वर्षांत मी तुमच्याशी बोललेय का?"

"अगं, पण तुझे गुडघे..."

"त्या भोकापर्यंत चालायला किती गुडघे लागतात? आणि कासवच तर आहे. मीच नाव ठेवलंय त्याचं."

मग अगदी गंभीरपणे, नवीन कारागिराला कामावर घेताना विचारायचे तसं, दादांनी विचारलं, "रोज जमेल?"

"रोजचं करायची मला सवय आहे," आई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यापासून त्या सकाळी हिरवळीवर जाऊ लागल्या. सूनबाईने आपला हातमोजा त्यांना दिला. तो घट्ट झाला, तर त्यांनी शिवणीला कात्री लावून सैल करून घेतला. मास्तरांनी त्यांना पाय जवळ घ्यायला सांगितलं, त्यांनी मास्तरांना आधी शर्टाचं बटण नीट लावायला सांगितलं. दादा रोज कुंपणापर्यंत सोबत जायचे आणि बाहेरच उभे राहायचे. पहिले काही दिवस आईंचा चेंडू कुठेही जायचा, आणि तो कुठेही गेला की दादा कुंपणावरून ओरडायचे, "खांदा! खांदा वाकडा!"

"तुम्हाला काय कळतंय?" आई तिथूनच म्हणायच्या. "तुम्ही कधी खेळलाय?"

मग त्या सरळ मारू लागल्या. आणि एकदा सरळ मारू लागल्यावर त्यांच्यासमोर कुठल्याही काठीची धडगत राहिली नाही.

असंच एके दिवशी त्या तडक कारखान्यात आल्या, अजून हातमोजा हातातच. सूनबाई व्हाइसवर वाकली होती. परत आलेल्यांपैकी निम्मी कासवं सरळ होऊन भिंतीशी रांगेत उभी होती.

"हे बघ अगं," आईंनी एक कासव टेबलावर आडवं ठेवलं. "हे सरळ जातं, पण मला आवडलं नाही. शेवटी शेवटी जरा घाबरल्यासारखं करतं."

"घाबरल्यासारखं म्हणजे कसं, आई? डावीकडे?"

"डावीकडे नाही गं. घाबरतं म्हणजे घाबरतं. ते तू शोध. मला जे वाटलं ते सांगितलं."

सूनबाईने दादांकडे पाहिलं. दादांनी भुवया उडवल्या, मला विचारू नकोस म्हणून. तिने कासव उचललं, व्हाइसच्या जबड्यात फडकं घालून त्याची मान धरली, आणि डोळे मिटून हळूहळू जोर देऊ लागली. लोखंड अडलं. ती थांबली, पुन्हा जोर दिला, आणि मग ते जरासं मऊ झालं.

"आता घेऊन जा," ती म्हणाली. "बघा घाबरतंय का."

आई ते बगलेत मारून पुन्हा निघाल्या. दादांनी घाईने चपला पायात सरकवल्या आणि "अगं, थांब की जरा" म्हणत त्यांच्या मागोमाग गेले.